‘माझ्या जिवा’ला बंदी

नवऱ्यावर डोळा ठेवणाऱ्या बायका डोमिनिकन रिपब्लिकमधल्या आमच्या बोनाओत पुष्कळ आहेत, पण त्या कामात नेरेइदाइतकी मेहनत घेणारी मी दुसरी पाहिली नाही. तिचं केस सेट करून देण्याचं दुकान घराच्या पुढच्या ओसरीत आहे आणि तिच्या नवऱ्याची, तोरिबिओची, अकॉर्डियन सुरात लावायची खोली मागच्या अंगणाला लागून. या दोघांच्या मधली भिंत तिने लग्नानंतर चौथ्या महिन्यात पाडून घेतली. हवा खेळती राहावी म्हणून, असं सांगते. हवा खेळते, यात शंका नाही. पण गिऱ्हाइकाच्या केसांना रोलर गुंडाळता गुंडाळता समोरच्या आरशात थेट तोरिबिओची खुर्ची दिसते, यातही शंका नाही.

तोरिबिओ बासष्ट वर्षांचा आहे. डोक्यावर केस नाहीत, कानात आहेत. चालताना पोट आधी पोहोचतं आणि तो मागून येतो. त्याच्याकडे बघून एखाद्या बाईचं मन चळेल अशी शक्यता मला तरी दिसत नाही, आणि शेजारी म्हणून मी बत्तीस वर्षं बारकाईने पाहतो आहे. असं असूनही मला या माणसाचा हेवा वाटतो. हे आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे माझ्या सांगण्यात आंबटपणा कुठून आला ते वाचणाऱ्याला शोधत बसायला नको.

माझं चौकात झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स, वह्या, पेनं आणि कोपऱ्यात तीन कॉम्प्युटर. मला कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं असा गावाचा समज आहे आणि मी तो मोडत नाही. नेरेइदाच्या थोरल्या मुलीच्या बाप्तिस्म्याला मी धर्मपिता म्हणून उभा राहिलो, तेव्हापासून मी तिचा कोंपाद्रे आणि ती माझी कोमाद्रे. हे नातं आमच्याकडे सख्ख्या भावंडांपेक्षा जड. भावाला ‘आज दुकान बंद आहे’ म्हणून सांगता येतं, कोमाद्रेला नाही.

तर एका मंगळवारी सकाळी कोमाद्रे आली आणि तिने हातातला फोन काउंटरवर आपटला.

“कोंपाद्रे, ही कात्या कोण?”

“कुठली कात्या?”

“तेच विचारायला आलेय. वाचा.”

मी वाचलं. ‘माझ्या जिवा, तुझा फोटो पाहिल्यापासून माझी झोप उडाली आहे. मी एकटी आहे. खाली टिचकी मार.’

“कोमाद्रे, हिने तोरिबिओचा फोटो पाहिलेला नाही.”

“कशावरून?”

“झोप उडाली म्हणते ना, त्यावरून.”

ती हसली नाही. नवऱ्याच्या रूपाबद्दल वाईट बोलण्याचा हक्क तिने स्वतःकडे राखून ठेवला आहे.

मी तिला समजावून सांगितलं. ही पत्रं कुणी बाई लिहीत नाही, यंत्र लिहितं. एकच पत्र एका झटक्यात लाखो लोकांना जातं. याला स्पॅम म्हणतात.

“एक कात्या असती तर मी सोडून दिलं असतं,” ती म्हणाली. “पण ही बघा येलेना. ही घटस्फोट झालेली नर्स. ही म्हणते, तिला वयस्कर, अनुभवी पुरुष आवडतात. अनुभवी! याला कसला अनुभव? दिवसाला चाळीस येतात हो. आणि याच्याकडेच का येतात?”

या प्रश्नाचं उत्तर मला ‘पाठवलेली पत्रं’ या कप्प्यात मिळालं. तो मी सहज उघडला आणि स्टूल ओढून खाली बसलो.

‘आदरणीय सेन्योरिता कात्या, आपल्या पत्राबद्दल मनापासून आभार. मी विवाहित आहे. तरी आपल्याकडे अकॉर्डियन असल्यास व तिचे सूर उतरले असल्यास अवश्य घेऊन यावी. आपला नम्र, तोरिबिओ.’

अशी तेवीस पत्रं होती. येलेनाला, नर्सला, अनुभवाची आवड असलेल्या त्या बाईला. तीन पत्रं तर ‘तुम्हाला सोडतीत मोटार लागली आहे’ असं कळवणाऱ्या एका कंपनीला होती. त्यात त्याने, मोटार चालवता येत नसल्यामुळे ती एखाद्या गरजूला द्यावी, असं सुचवलं होतं.

“कोमाद्रे, इथेच घोळ झालाय. उत्तर गेलं की त्या लोकांना कळतं, या पत्त्यावर खरंच एक माणूस आहे आणि तो वाचतो. मग तो पत्ता ते आणखी दहा जणांना देतात.”

“म्हणजे माझ्या नवऱ्याने तेवीस बायकांना आपला पत्ता दिला.”

“असं नव्हे...”

“असंच.”

संध्याकाळी मी तोरिबिओला विचारलं, बाबा रे, असं का केलंस? तो म्हणाला, “आलेल्या पत्राला उत्तर न देणं हा उद्धटपणा आहे. माझ्या आईने मला तसं वाढवलेलं नाही.” मागून आरशातून आवाज आला, “तुझ्या आईने तुला कसं वाढवलं ते मला विचार!” कुणाच्या तरी डोक्यातला रोलर त्या दिवशी फार घट्ट बसला असणार.

आता माझं दुःख ऐका. तीच कात्या मलाही लिहिते. शब्दाला शब्द तेच पत्र. मी घरी जाऊन ते माझ्या बायकोला, ओब्दूलियाला दाखवलं. जरा ऐटीतच दाखवलं. तिने चष्मा पुसला, शांतपणे वाचलं आणि म्हणाली, “बिचारी. तिला सांग, तू घोरतोस. आणि न्यायला येणार असेल तर गुरुवारी ये म्हणावं, मी बहिणीकडे असते.” एवढं बोलून ती वाटाण्याच्या शेंगा सोलायला बसली. पलीकडच्या घरातून बशी फुटल्याचा आवाज आला. मी खिडकीत उभा राहून तो आवाज कितीतरी वेळ ऐकला. एकाच कात्यासाठी एका घरात बशी फुटते आणि दुसऱ्या घरात शेंगा सोलल्या जातात, हा कुठला न्याय?

दुसऱ्या दिवशी नेरेइदाने फर्मान काढलं की ईमेल बदलायचं. बाई आत येणारच नाही असं ईमेल हवं.

पण ईमेल नुसतं बंद करून चाललं नसतं, कारण तोरिबिओचा जीव त्यात अडकला होता. आमच्या गावची कासिल्दा पोलांको न्यूयॉर्कला असते. अकॉर्डियन वाजवते आणि तिच्या वाजवण्यावर तिथली आमची माणसं सकाळपर्यंत नाचतात. तिच्याकडे तिच्या वडिलांची जुनी पेटी आहे. ती पेटी पूर्वी तोरिबिओचा गुरू सुरात लावायचा आणि तोरिबिओ शेजारी बसून नुसता भाता हलवायचा. त्या पेटीच्या रीडना, म्हणजे सूर काढणाऱ्या धातूच्या पट्ट्यांना, कानस लावायची परवानगी त्याला कधी मिळाली नाही. गुरू गेला आणि पेटी सान्तियागो शहरातल्या एका कारागिराकडे जाऊ लागली. त्याला एकोणीस वर्षं झाली. त्या एकोणीस वर्षांत तोरिबिओने शेकडो पेट्या सुरात लावल्या, पण विषय निघाला की तो त्याच एका पेटीबद्दल बोलतो, जशी माणसं न झालेल्या लग्नाबद्दल बोलतात. गेल्या नाताळात त्याने धीर करून कासिल्दाच्या चुलतभावामार्फत निरोप पाठवला. तिचं उत्तर आलं: ‘मी येण्याआधी ईमेल करीन. वेळेवर हो म्हण. नाहीतर माझा सान्तियागोचा माणूस आहेच.’

फोन का नाही करत, असं तुम्ही विचाराल. तोरिबिओ फोनवर बोलत नाही. फोनची घंटा एका भलत्याच सुरात वाजते आणि दिवसभर त्याचा कान बिघडवते, असं त्याचं म्हणणं. घरातला एकुलता एक फोन नेरेइदाच्या एप्रनच्या खिशात असतो आणि त्यावरचं ईमेल दोघांत मिळून एक. ती तेवीस उत्तरं त्याने रात्री ती झोपल्यावर लिहिली होती, तेव्हापासून फोन तिच्या उशीखाली जातो.

“कासिल्दाचं पत्र आलं तर मी स्वतः त्याच्या हातात देईन,” नेरेइदा मला म्हणाली. “मी काही राक्षसीण नाही. ती उभी राहून वाजवते, गुडघे हलवते, ते मला पसंत नाही, ही गोष्ट वेगळी.”

मग आम्ही ईमेल बघायला बसलो. बसलो म्हणजे, मुलीसाठी स्थळं बघतात तसे बसलो. मी एकेकाची माहिती सांगायची आणि तिने खोट काढायची.

पहिलं स्थळ मोठ्या घरचं, फुकट आणि जगभर पसरलेलं. मी म्हटलं, याची गाळणी फार चांगली, कारण याच्याकडे कोट्यवधी लोकांची पत्रं येतात. लोकांनी ‘हे नको’ म्हणून खूण केली की ते शिकतं आणि पुढच्या वेळी तसलं पत्र आपणहून बाजूला काढतं.

“म्हणजे जगातल्या सगळ्या कात्या याच्या ओळखीच्या,” नेरेइदा म्हणाली. “नको. पुढे.”

दुसरं स्थळ थंड डोंगरांच्या देशातलं, सभ्य, अबोल. पत्राला असं कुलूप लावतं की ज्याचं त्यानेच वाचावं, कंपनीलासुद्धा आत डोकावता येत नाही.

“कुणालाच नाही?”

“कुणालाच नाही.”

“मलाही नाही?”

“तोरिबिओने पासवर्ड दिला तर...”

“पुढे.”

तिसरं मात्र तिला बघताक्षणी आवडलं. थोडे पैसे पडतात, पण त्याला दारवान आहे. ज्याची आपल्याशी ओळख नाही त्याचं पत्र तो आत सोडत नाही, बाहेर ओसरीवर बसवून ठेवतो. तुम्ही येऊन बघायचं, ‘हा चालेल’ म्हटलं की तो कायमचा आत, ‘ही नको’ म्हटलं की ती कायमची बाहेर. शिवाय एकाच ईमेलला वेगवेगळे पत्ते काढता येतात. सोडतीच्या चिठ्ठीवर एक पत्ता लिहायचा, दुकानदारांना दुसरा द्यायचा. ज्या पत्त्यावर घाण यायला लागली तो तेवढा बंद करायचा, आणि कुणी पत्ता फोडला तेही कळतं.

“कुणी फोडला तेही कळतं?” नेरेइदाचे डोळे चमकले. “कोंपाद्रे, हे ज्याने बनवलंय त्याची बायको माझ्यासारखी असणार.”

तेच ठरलं. जुन्या पत्त्यावर येणारी पत्रंही मी त्यात वळवून घेतली. फक्त एक गोष्ट राहिली होती आणि तीत माझा हात आहे. मी म्हटलं, “यात नियमही घालता येतात. त्या बायका नेहमी वापरतात ते शब्द सांगा. तसला शब्द असलेलं पत्र ओसरीवरही बसणार नाही, थेट कचऱ्यात.”

“‘एकटी’,” ती म्हणाली.

मी लिहिलं.

“‘फोटो’.”

“फोटो नको. तोरिबिओला लोक तुटक्या पेट्यांचे फोटो पाठवतात.”

“बरं. मग ‘माझ्या जिवा’.”

मी ‘माझ्या जिवा’ लिहिलं, बटण दाबलं आणि शेजारी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला म्हणालो, “बोला माझ्या जिवा, किती प्रती काढू?”

इतकं होऊनही आम्हा दोघांच्या डोक्यात उजेड पडला नाही. दुसऱ्या देशात असतो तर कुणीतरी अडखळलं असतं. आमच्याकडे भाजीवाला ‘माझ्या जिवा’ म्हणतो, बसचा कंडक्टर म्हणतो, नर्स इंजेक्शन टोचण्यापूर्वी म्हणते, पोलीस दंडाची पावती फाडताना म्हणतो. नेरेइदा स्वतः दर गिऱ्हाइकाला ‘मान खाली कर, माझ्या जिवा’ म्हणते. तो शब्द आम्ही इतका बोलतो की तो आम्हाला ऐकूच येत नाही. आपण श्वास घेतो त्याचा आवाज येतो का?

शनिवारी शनिवारी कचरा एकदा उघडून बघत जा, असं मी तिला बजावलं होतं. ती म्हणाली, “कचऱ्यात हात कोण घालतं?”

तीन आठवडे स्वर्ग होता. कात्या गेली, येलेना गेली, नर्सने दुसरा अनुभवी माणूस शोधला असावा. इनबॉक्स असा स्वच्छ की नेरेइदा दुकानातल्या बायकांना काढून दाखवायची. माझ्या इनबॉक्समध्ये त्या वेळी चारशे बारा पत्रं साचली होती आणि मला तिच्या इनबॉक्सचाही हेवा वाटू लागला. एका माणसाने शेजाऱ्याच्या किती गोष्टींचा हेवा करावा?

तोरिबिओ मात्र रोज सकाळी विचारायचा, “न्यूयॉर्कहून काही?”

“नाही,” नेरेइदा सांगायची. खरंच सांगायची.

दुसऱ्या आठवड्यात त्याने विचारणं सोडलं. तिसऱ्या आठवड्यात तो हत्यारं नुसतीच पुसत बसू लागला. गुरुवारी त्याने न्याहारीला उकडून कुस्करलेली कच्ची केळी, तळलेलं चीज आणि सलामी असं भरलेलं ताट तसंच ठेवून दिलं, आणि आमच्या गावात हे डॉक्टरला बोलावण्याचं कारण आहे.

नेरेइदा माझ्याकडे आली. “कोंपाद्रे, मी आरशात बघते तर तो भिंतीकडे बघत असतो. एक तास, दोन तास. भिंतीत असं काय आहे? तो तिच्यासाठी झुरतोय.”

“पेटीसाठी झुरतोय.”

“ती आल्याशिवाय पेटी कुठून येणार?” ती म्हणाली आणि डोळे पुसत निघून गेली. भिंतीवर जळणारी बाई मी पहिल्यांदाच बघत होतो. ओब्दूलिया माझ्यासाठी कधी खिडकीवरसुद्धा जळलेली नाही.

शुक्रवारी सकाळी नऊला ती पुन्हा धावत आली. डोक्यावर गुलाबी रोलरांचा डोंगर, कारण शनिवारी लग्न होतं. चर्चची सेक्रेटरी तिला रस्त्यात भेटून फाडफाड बोलली होती. जत्रेच्या फुलांबद्दल मी तीन पत्रं लिहिली, तुला उत्तर द्यायची लाज नाही का, वगैरे.

“माझ्याकडे तिचं एकही पत्र नाही,” नेरेइदा म्हणाली. “तुमचं ते ईमेल चोर आहे.”

मी कचरा उघडला.

सगळं गाव तिथे बसलं होतं. चर्चची सेक्रेटरी: ‘माझ्या जिवा, फुलं पांढरी आण.’ पाणीपुरवठ्याच्या कचेरीतून: ‘माझ्या जिवा, उद्या नळाला पाणी येणार नाही.’ दातांचा डॉक्टर, विम्याचा एजंट, तिची सख्खी नणंद, शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. कात्या आणि येलेना त्यांच्याच रांगेत, गावच्या लेकींसारख्या. आणि या सगळ्यांच्या मधोमध, मंगळवारच्या तारखेचं:

‘माझ्या जिवा तोरिबिओ, शुक्रवारी विमानतळावरून सान्तियागोला जाताना नऊ ते दहाच्या दरम्यान तुमच्या फाट्यावरून जाईन. पांढरी जीप आहे. तुझं हो आलं तर थांबून बाबांची पेटी तुझ्या हातात देईन. नाही आलं तर तशीच पुढे जाईन. तिचा वरचा ‘रे’ सूर आता पूर्वीसारखा रडत नाही. तुझ्या गुरूचा हात तुझ्यात उतरलाय असं लोक म्हणतात. कासिल्दा.’

घड्याळात नऊ वाजून बारा मिनिटं झाली होती.

नेरेइदाने पत्र दोनदा वाचलं. तिचं बोट पडद्यावरच्या ‘कायमचं पुसा’ या शब्दांपाशी जाऊन थांबलं. झेरॉक्सचं मशीन गुरगुरत होतं.

“कोंपाद्रे,” ती हळूच म्हणाली, “हे पत्र तुम्ही पाहिलंत?”

“कुठलं पत्र?” मी म्हटलं. मला याचा अभिमान नाही. पण कोमाद्रे आहे, आणि बोट तिचं होतं.

ती बोटाकडे बघत राहिली. “काल त्याने चीजसुद्धा खाल्लं नाही,” ती म्हणाली. मग बोट उचललं. “दुकान बंद करा.”

“आपण उत्तर लिहू या ना आधी...”

“गाडीत बसलेली बाई पत्रं वाचत बसेल? चेओ! ए चेओ!”

चेओ चौकात मोटरसायकल भाड्याने चालवतो. साठीचा आहे आणि त्याची मोटरसायकलही साधारण त्याच्याच वयाची. “कुठे जायचं, माझ्या जिवा?” तो म्हणाला.

नेरेइदा दचकली. इतक्या वर्षांत तो शब्द तिला पहिल्यांदा ऐकू आला असावा.

आम्ही तिघं एका मोटरसायकलवर बसून फाट्यावर पोहोचलो. महामार्गावर गाड्या सूं सूं करत जात होत्या. नेरेइदा कडेच्या पट्ट्यावर उभी राहिली आणि पांढरं काही दिसलं की दोन्ही हात वर करायची. पहिल्या पांढऱ्या जीपमध्ये एक कुटुंब होतं. त्यांनी घाबरून काचा वर केल्या. दुसरी थांबलीच नाही. पावणेदहा झाले. तिसरी जीप पुढे निघून गेली, पन्नास पावलांवर तिचे लाल दिवे लागले आणि ती उलटी मागे आली. डोक्यावर गुलाबी रोलर घेऊन महामार्गावर उभी असलेली बाई आमच्याच देशात दिसते आणि न्यूयॉर्कहून येणाऱ्या माणसाला ते बघून भरून येतं.

काच खाली झाली. कासिल्दा साठीला टेकलेली, विमानाच्या प्रवासाने दमलेली, सुजलेले पाय चपलेतून काढून ठेवलेली. गुडघे हलवण्याच्या अवस्थेत ती दिसत नव्हती.

“काय झालं, माझ्या जिवा? अपघात झाला का?”

“मी तोरिबिओची बायको.”

“अगं मग त्याने उत्तर का नाही दिलं? मी सान्तियागोच्या माणसाला आत्ताच कळवलं, येतेय म्हणून.”

नेरेइदाने माझ्याकडे पाहिलं. मी महामार्गाकडे पाहिलं.

“त्याला तुमचं पत्र मिळालंच नाही,” ती म्हणाली. “मी अडवलं. तुम्ही त्यात ‘माझ्या जिवा’ लिहिलं होतं.”

कासिल्दा तिच्याकडे बघतच राहिली. तेवढ्यात कणीसवाला खिडकीपाशी आला. “नको रे, माझ्या जिवा,” कासिल्दा त्याला म्हणाली. मग ड्रायव्हरला म्हणाली, “इंजिन बंद कर, माझ्या राजा.” आणि मग तिचं तिलाच ऐकू आलं. पण ती हसली नाही.

“बाई, ही माझ्या बापाची पेटी आहे. ज्या घरात पत्रं कचऱ्यात जातात त्या घरात मी ती कशी ठेवू?”

मला वाटलं, संपलं. नेरेइदाने जीपची काच धरली.

“माझं ऐका. बत्तीस वर्षं मी त्या माणसावरून नजर काढलेली नाही. भिंत पाडलीय मी त्यासाठी. त्याचे हात मी जितके पाहिलेत तितके कुणी पाहिले नाहीत, त्याच्या गुरूनेही नाही. गिऱ्हाईक कितीही घाई करो, त्याने रीडवर कानस एकदा जास्त फिरवलेली मी पाहिलेली नाही. एकदाही. सूर लागला नाही तर तो जेवायला उठत नाही, मी ओरडले तरी. सान्तियागोच्या त्या माणसावर इतकी नजर कुणी ठेवलीय का? त्याच्या बायकोला विचारा तो काम कसा करतो. सांगता येईल तिला?”

 कासिल्दाने काळा चष्मा काढला, घातला, पुन्हा काढला. मग मागच्या सीटवरची चौकोनी पेटी उचलून खिडकीतून बाहेर दिली.

“आठ दिवस,” ती म्हणाली. “आणि रे रडला पाहिजे.”

परतताना मोटरसायकलवरची माझी जागा अकॉर्डियनने घेतली. मी चालत आलो.

मी पोहोचलो तेव्हा पेटी तोरिबिओच्या टेबलावर होती आणि तो तिसऱ्यांदा हात धुवून येत होता. नेरेइदा त्याच्यासमोर उभी राहून कबुली देत होती.

“मी तुझं पत्र कचऱ्यात टाकलं, तोरिबिओ.”

“हं. कुठला रे म्हणाली ती?”

“तीन दिवस ते तिथे पडलं होतं! माझ्यामुळे पेटी जवळजवळ गेलीच होती.”

“वरचा की खालचा?”

“वरचा! मी काय सांगतेय ते ऐकू येतंय का तुला?”

“बस,” तो म्हणाला, “भाता धर.”

ती बसली. दुकानात दोन बायका ओल्या डोक्याने वाट बघत होत्या, त्यांच्याकडे तिने लक्ष दिलं नाही. तिने भाता ओढला, त्याने एक बटण दाबलं आणि तो रे निघाला, बारीक, घसा बसलेला. तोरिबिओने कान टेकला आणि डोळे मिटले. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी सांगू शकत नाही. बासष्ट वर्षांच्या टकल्या माणसाचा चेहरा इतका देखणा झालेला मी पाहिला नव्हता.

नेरेइदानेही तो पाहिला, हातभर अंतरावरून.

“असा चेहरा तू माझ्यासाठी कधी केलास?” ती म्हणाली.

“भाता,” तोरिबिओ म्हणाला.

तिने भाता इतक्या जोरात ओढला की रे किंचाळला. मग पुन्हा नीट ओढला. त्याने रीड काढली, कानस हलकेच एकदा फिरवली, रीड परत बसवली. सूर आला. पुन्हा काढली, पुन्हा फिरवली. सूर आता ओला व्हायला लागला होता. अर्ध्या तासाने तो असा रडला की ओल्या केसांच्या दोन्ही बायका दारात येऊन उभ्या राहिल्या.

“इतका नको,” नेरेइदा म्हणाली.

तोरिबिओने डोळे उघडले. “इतका नको म्हणजे?”

“लोकांसमोर वाजणार आहे ती. थोडा कमी रडव.”

त्याच्या कामात इतक्या वर्षांत कुणी तोंड घातलं नव्हतं. तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने रीड काढली, उजेडात धरली आणि खुर्ची तिच्या जवळ सरकवली.

“किती कमी?”

“वाजव, मी सांगते.” तिने रोलरांसकट डोकं पेटीला लावलं. “अजून. अजून थोडा. नाही, आता फारच कोरडा झाला. हं... थांब.”

मी दारात उभा होतो. मला कुणी बस म्हटलं नाही.